संत थॉमस मोर : जावयाविरुद्ध निकाल देणारे न्यायाधीश

निःस्पृह न्यायाधीश म्हटले की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरवताना ते कचरले नाहीत, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. आपल्या ख्रिस्तसभेतही असे एक न्यायाधीश होऊन गेले. ते धर्मगुरू नव्हते की मठवासी नव्हते. चार मुलांचे बाप, पेशाने वकील आणि पदाने इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर. त्यांचे नाव संत थॉमस मोर. दरवर्षी २२ जून रोजी संत जॉन फिशर यांच्यासमवेत आपण त्यांचा सण पाळतो. ३१ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

राजापुढे मान न तुकवता शिरच्छेद पत्करणारे रक्तसाक्षी म्हणून आपण त्यांना ओळखतो. मात्र तो शेवटचा दिवस उगवण्यापूर्वी वीसहून अधिक वर्षे ते या ना त्या अधिकारपदावर होते. त्या खुर्चीसमोर कधी त्यांचे आप्त येऊन उभे राहिले, कधी भेटवस्तू आल्या, तर कधी स्वतःचा फायदा दार ठोठावत आला. अशा वेळी ते कसे वागले, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. आपल्यापैकी अनेक जण पॅरिश कौन्सिलवर, पतपेढीच्या संचालक मंडळावर, शाळेच्या समितीवर किंवा हाउसिंग सोसायटीत निर्णय घेण्याच्या जागी असतात. त्यांना या जीवनकथेत आपला चेहरा दिसेल.

बालपण आणि शिक्षण

थॉमस यांचा जन्म १४७८ साली लंडनच्या मिल्क स्ट्रीटवर झाला. वडील जॉन मोर हे वकील होते व पुढे न्यायाधीश झाले. कायद्याची पुस्तके, अशिलांची ये-जा आणि खटल्यांच्या गप्पा यांत मुलगा वाढला. सेंट अँथनी शाळेत लॅटिन शिकल्यावर त्याला कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या वाड्यात सेवेकरी म्हणून ठेवण्यात आले. मोठ्या घरी राहून रीतभात शिकण्याची ही त्या काळची पद्धत होती. आर्चबिशपांनी मुलाची हुशारी ओळखली व त्याला ऑक्सफर्डला पाठवले. दोनेक वर्षांत वडिलांनी त्याला परत बोलावले आणि वकिलीच्या शिक्षणाला घातले. १४९६ मध्ये तो लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत दाखल झाला.

तरुण थॉमसच्या मनात मात्र वेगळीच ओढ होती. लंडनमधील कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात राहून सुमारे चार वर्षे त्यांनी मठवासींच्या प्रार्थनेत व उपवासांत भाग घेतला. शेवटी आपले पाचारण संसाराचे आहे असे त्यांनी ठरवले. १५०५ साली जेन कोल्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली आणि जॉन ही त्यांची मुले. १५११ मध्ये जेन वारल्या. लहान मुलांना आई हवी म्हणून थॉमस यांनी लवकरच ॲलिस मिडलटन या विधवेशी दुसरा विवाह केला. मुलींनाही त्यांनी लॅटिन व ग्रीक शिकवले. त्या काळी ही मोठीच नवलाई होती. मठ सोडला तरी मठाची शिस्त त्यांनी सोडली नाही. उंची झग्याखाली अंगाला टोचणारे केसाळ वस्त्र ते प्रायश्चित्त म्हणून घालीत. हे घरातही फार थोड्यांना ठाऊक होते.

राजाचे मानधन नको

१५१० साली थॉमस मोर लंडन शहराचे अंडर-शेरीफ झाले. नाव पोलिसी वाटले तरी काम न्यायदानाचे होते. नागरिकांचे दिवाणी दावे त्यांच्यासमोर चालत. दावा दाखल करताना दोन्ही पक्षांना ठरावीक फी भरावी लागे. ही फी मोर बहुधा माफ करीत. त्यांचे मित्र व थोर विद्वान इरॅस्मस यांनी १५१९ च्या एका पत्रात याची नोंद करून ठेवली आहे. लंडनकरांचा या तरुण न्यायाधीशावर फार जीव होता.

१५१५ मध्ये इंग्लंडच्या व्यापाऱ्यांच्या कामासाठी त्यांना राजाच्या शिष्टमंडळासोबत फ्लँडर्सला जावे लागले. त्याच प्रवासात त्यांनी युटोपिया या ग्रंथाची सुरुवात केली. १५१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव युरोपभर गेले. परतल्यावर खूश झालेल्या राजा आठव्या हेन्रीने त्यांना दरसाल मानधन देऊ केले. घरात चार मुले, दोन घरांचा खर्च, परदेशातील मुक्कामात झालेली ओढाताण, असे असूनही मोर यांनी ते त्या वेळी घेतले नाही.

त्यांचा विचार साधा होता. शहराला राजाकडून काही जुने हक्क मिळालेले होते. उद्या त्या हक्कांवरून शहर आणि राजा यांच्यात वाद झाला तर शहराच्या बाजूने आपल्याला बोलावे लागेल. आपण राजाचे वार्षिक मानधन खातो हे माहीत असलेले नागरिक आपल्यावर पूर्वीसारखा विश्वास ठेवतील का? मोर पैशासाठी विकले गेले असते असा याचा अर्थ नाही, तशी शंका त्यांना स्वतःबद्दल नव्हती. शंका लोकांना येईल आणि ती येण्यास जागा असेल, एवढे त्यांना पुरेसे होते. १५१८ मध्ये ते कायमचे राजसेवेत गेले, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी शहराचे पद सोडले.

आज कायद्याच्या भाषेत याला हितसंबंध गुंतणे म्हणतात. ज्याला निर्णय द्यायचा आहे त्याचाच फायदा-तोटा त्या निर्णयात अडकलेला असतो. पाचशे वर्षांपूर्वी या विषयावर नियमांची पुस्तके नव्हती. एका माणसाने स्वतःच्या मनाशी तो नियम लिहून ठेवला होता.

चेल्सीच्या घराचे उघडे दार

राजसेवेत मोर यांची पायरी चढतच गेली. १५२१ मध्ये ते सर थॉमस झाले, १५२३ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले. सभासदांना निर्भयपणे मत मांडता यावे, अशी विनंती त्यांनी सभापती या नात्याने राजाला केली. ऑक्टोबर १५२९ मध्ये कार्डिनल वुल्झी यांची मर्जी गेली आणि लॉर्ड चॅन्सेलरचे पद मोर यांच्याकडे आले. या पदावर त्या काळी बहुधा धर्माधिकारीच असत. चॅन्सेलर म्हणजे राजाखालोखालचा अधिकारी आणि चॅन्सरी न्यायालयाचा प्रमुख. इतर न्यायालयांत कायद्याच्या शब्दांत अडकून ज्यांच्यावर अन्याय होई, ते दाद मागायला चॅन्सरीकडे येत.

लंडनजवळ चेल्सी येथे थेम्स नदीकाठी मोर यांचे घर होते. दुपारच्या वेळी ते घराच्या मोकळ्या दालनात बसत. कोणीही यावे आणि आपले गाऱ्हाणे सांगावे. कागद वाचल्याशिवाय ते कोणाला समन्स काढू देत नसत. खटले तुंबू नयेत यासाठी त्यांनी इतके काम केले की एके दिवशी पुढचा खटला पुकारा म्हटल्यावर एकही शिल्लक नसल्याचे त्यांना सांगण्यात आले. ही गोष्ट त्यांनी दप्तरात नोंदवून घ्यायला लावली. आपल्याकडे तारखांवर तारखा पाहणाऱ्यांना हे वाचून हेवा वाटेल!

त्यांचे वडील जॉन मोर तेव्हा वयोवृद्ध न्यायाधीश होते. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आपल्या न्यायासनाकडे जाताना, वाटेत वडील बसलेले असले तर चॅन्सेलर मोर सर्वांसमोर गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेत. नात्यांवर प्रेम नसलेला कोरडा माणूस त्यांच्यात नव्हता, हे पुढची हकिगत वाचताना लक्षात ठेवले पाहिजे.

दोन जावई

मोर यांच्या जीवनातील बऱ्याच गोष्टी आपल्याला कळतात त्या त्यांच्या थोरल्या जावयामुळे. मार्गारेटचे पती विल्यम रोपर यांनी सासऱ्यांचे चरित्र लिहिले. त्यात आणखी दोन जावयांच्या हकिगती आहेत.

एलिझाबेथचे पती विल्यम डॉन्सी यांनी एकदा अर्धवट थट्टेने सासऱ्यांकडे तक्रार केली. वुल्झी यांच्या वेळी त्यांचे खोलीवाले आणि दरवानसुद्धा चांगली कमाई करीत, कारण साहेबांची भेट मिळवून द्यायला त्यांना पैसे मिळत. आता चॅन्सेलरची मुलगी आपली बायको, पण घराचे दार तर गोरगरिबांनाही उघडे. मग आपल्या मध्यस्थीला कोण विचारणार? मोर यांनी जावयाच्या या संकोचाचे कौतुक केले. एखाद्या मित्रासाठी शब्द टाकणे, त्याचे काम थोडे आधी ऐकणे किंवा दोन्ही पक्षांना समेटाचा सल्ला देणे, एवढी मदत आपण करू शकू असे ते म्हणाले. पण न्याय मागायला कोणी उभे राहिले तर तिथे सवलत नाही. एका बाजूला जन्मदाता बाप आणि दुसऱ्या बाजूला सैतान असला व सैतानाची बाजू खरी असली, तर निकाल सैतानाच्याच बाजूने लागेल, असे त्यांनी जावयाला बजावले.

हे बोलणे खरे करण्याची वेळही आली. सिसिलीचे पती जाइल्स हेरन यांचा एक दावा चॅन्सरीत होता. सासऱ्यांनी तडजोड करण्याचा सल्ला दिला, पण हेरन ऐकेनात. सासरे न्यायासनावर असताना आपल्याला भीती कसली, असे त्यांना वाटले असावे. मोर यांनी दावा ऐकला आणि सरळ जावयाच्या विरुद्ध निकाल दिला. लेकीच्या घरात त्या रात्री काय वातावरण असेल, याची कल्पना प्रत्येक सासऱ्याने करावी.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. ही गोष्ट ऐकून आपण मोर यांची वाहवा करतो आणि ती योग्यच आहे. पण एक प्रश्न उरतो. निकाल हेरन यांच्या बाजूने लागला असता तर? समजा त्यांची बाजू खरोखरच न्यायाची असती आणि मोर यांनी पूर्ण सचोटीने तसा निकाल दिला असता, तर हरलेला माणूस काय म्हणाला असता? सासऱ्याने जावयाला सांभाळून घेतले, हेच. मोर यांचे मन स्वच्छ होते हे मोर यांना ठाऊक, परमेश्वराला ठाऊक. समोर हरलेल्याला त्यांच्या मनात डोकावता येत नव्हते. म्हणून आजचा नियम त्यांना हा खटला ऐकूच देणार नाही, दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवा असे सांगेल. एवढेच नव्हे, ओळखीच्या माणसाचे काम आधी ऐकण्याची जी छोटी मदत मोर यांना निर्दोष वाटली, तीदेखील आज चालणार नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्याचा वेळ आपण मित्राला देत असतो.

हातमोजे आणि सोन्याचा पेला

त्या काळी नववर्षाला अधिकाऱ्यांना भेटी देण्याची रीत होती. क्रोकर नावाच्या एका श्रीमंत विधवेला मोर यांनी एका बड्या सरदाराविरुद्धच्या खटल्यात न्याय दिला होता. नववर्षाला ती हातमोज्यांची जोडी घेऊन आली. आत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी भरलेली होती. स्त्रीने प्रेमाने दिलेली भेट नाकारणे सभ्यपणाचे नव्हे, म्हणून मोर यांनी मोजे ठेवून घेतले आणि नाणी परत केली.

ग्रेशम नावाच्या एका गृहस्थाचा खटला त्यांच्याकडे चालू होता. त्याने सोन्याचा मुलामा दिलेला एक सुंदर पेला पाठवला. मोर यांना त्याची घडण आवडली. त्यांनी तो ठेवून घेतला, पण त्याच वेळी आपल्या घरातील त्याहून जास्त किमतीचा पेला ग्रेशम यांच्या निरोप्याच्या हाती दिला. दुसरा कोणताही व्यवहार त्यांना मान्य नव्हता.

सर्वांत मोठी भेट मात्र धर्माधिकाऱ्यांकडून आली. नव्या पंथाच्या मतांविरुद्ध मोर यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले होते. त्याबद्दल बिशपांनी व धर्मगुरूंनी मिळून चार-पाच हजार पौंड जमवले आणि ते त्यांना देऊ केले. मोर यांनी एक पैही घेतली नाही. घरच्यांसाठी घ्या म्हटले, तेही नाकारले. पैसे घेतले असते तर त्यांची लेखणी भाडोत्री ठरली असती.

संतांचे जीवन सांगताना अवघड भाग गाळणे बरे नव्हे. ज्या मतांविरुद्ध मोर ग्रंथ लिहीत होते, ती मते मानणाऱ्यांवर चॅन्सेलर या नात्याने कारवाईही करीत होते. त्यांच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडाच्या आरोपावरून जाळण्यात आले. त्या शतकात दोन्ही बाजूंना हा राज्याचा कायदाच वाटे. आज ख्रिस्तसभा तसे मानत नाही. लेखक म्हणून ज्याच्याशी वाद घालायचा, त्याच्यावर अधिकारी म्हणून कारवाईही आपणच करायची, यातील धोका मोर यांच्या लक्षात आला नाही. पैशाच्या बाबतीत त्यांची नजर फार तीक्ष्ण होती. स्वतःच्या ठाम मतांकडे पाहताना ती तितकी तीक्ष्ण राहिली नाही. असे आपल्यापैकी कोणाचेही होऊ शकते.

पद सोडले, पेला पुन्हा पुढे आला

इकडे राजा आठव्या हेन्रीला राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द करून ॲन बोलीनशी लग्न करायचे होते. पोप महोदयांनी मान्यता दिली नाही, तेव्हा राजाने इंग्लंडच्या ख्रिस्तसभेवर स्वतःची सत्ता बसवायला सुरुवात केली. १५ मे १५३२ रोजी धर्माधिकाऱ्यांनी राजापुढे शरणागती लिहून दिली. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी चॅन्सेलरपदाची मोहोर राजाला परत केली. कारण प्रकृतीचे सांगितले. राजाचा नोकर राहायचे तर राजाचे हे धोरण राबवावे लागेल आणि आपला विवेक ते करू देणार नाही, हे त्यांना दिसत होते. पगार एका बाजूचा घ्यायचा आणि मन दुसऱ्या बाजूला ठेवायचे, ही कसरत त्यांनी केली नाही. घरचे उत्पन्न एकदम घटले. त्यांनी आपल्या नोकरचाकरांना दुसरीकडे कामे मिळवून दिली आणि आपली मोठी नाव आठ नावाड्यांसह नवे चॅन्सेलर थॉमस ऑडली यांना दिली.

राजाच्या लोकांना मोर यांच्याविरुद्ध काहीतरी हवे होते. लाचखोरीचा आरोप सर्वांत सोपा. पार्नेल नावाच्या गृहस्थाने तक्रार केली की चॅन्सेलर असताना मोर यांनी आपल्याविरुद्ध निकाल दिला आणि जिंकलेल्या व्हॉन यांच्या पत्नीकडून सोनेरी पेला घेतला. राजाच्या सल्लागार मंडळापुढे मोर यांना बोलावण्यात आले. निकालानंतर बऱ्याच काळाने नववर्षाची भेट म्हणून पेला आला आणि आग्रहावरून आपण तो हातात घेतला, असे त्यांनी कबूल केले. ॲन बोलीनचे वडील, विल्टशरचे अर्ल, तिथेच होते. त्यांना आनंदाचे भरते आले. मोर यांनी शांतपणे उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. पेल्यात वाईन ओतायला लावून त्यांनी त्या बाईंच्या नावाने प्राशन केले, त्यांनीही घोट घेतला आणि मग तोच पेला त्यांच्या पतीसाठी नववर्षाची भेट म्हणून परत पाठवला. त्या बाई व इतर साक्षीदारांनी हे खरे असल्याचे सांगितले. आरोप तिथेच संपला. अडीच वर्षांहून अधिक काळ देशातील इतक्या मोठ्या पदावर बसलेल्या माणसावर लाचेचा एकही डाग शत्रूंना शोधून सापडला नाही.

ज्यांना न्यायासनावरून उठवणारे कोणी नव्हते

एप्रिल १५३४ मध्ये मोर यांना नव्या वारसा कायद्याची शपथ घेण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. १७ एप्रिल रोजी त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकण्यात आले. चौदा महिन्यांहून अधिक काळ ते तिथे होते. राजाच्या धर्मसत्तेविषयी ते बोलत नव्हते, गप्प राहत होते. गप्प राहणाऱ्याला फाशी कसे द्यायचे, हा राजाच्या माणसांपुढचा पेच होता.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. याच इमारतीत मोर वडिलांपुढे गुडघे टेकत असत. आता न्यायासनावर कोण बसले होते ते पाहा. अध्यक्षस्थानी मोर यांच्या जागी आलेले ऑडली. शेजारी नॉरफोकचे ड्यूक, म्हणजे ॲन बोलीनचे मामा. विल्टशरचे अर्ल, म्हणजे ॲनचे वडील. लॉर्ड रॉचफर्ड, म्हणजे ॲनचा भाऊ. सफोकचे ड्यूक, म्हणजे राजाच्या बहिणीचे यजमान राहिलेले. शिवाय हे सारे प्रकरण घडवून आणणारे राजाचे सचिव थॉमस क्रॉमवेल. ज्या विवाहाला मोर यांनी पाठिंबा दिला नाही, त्या विवाहातील वधूकडची मंडळीच त्यांचा न्याय करायला बसली होती.

पुरावाही तशाच तऱ्हेचा होता. सरकारी पक्षाचे सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच स्वतःच साक्षीला उभे राहिले. १२ जून रोजी ते मोर यांची पुस्तके कोठडीतून न्यायला गेले होते. त्या वेळच्या गप्पांत मोर यांनी राजाची धर्मसत्ता नाकारली, अशी साक्ष त्यांनी दिली. तिथे हजर असलेल्या दोन माणसांनी मात्र आपण पुस्तके बांधण्यात गुंतलो होतो, बोलण्याकडे लक्ष नव्हते, असे सांगितले. रिच आणि मोर एके काळी बराच काळ एकाच पॅरिशमध्ये राहत होते. ज्याच्या सैल जिभेची ख्याती मला तरुणपणापासून ठाऊक, त्याच्याजवळ मी असे गुपित उघड करेन का, असा सवाल मोर यांनी न्यायालयाला केला. ज्यूरीला सुमारे पंधरा मिनिटे पुरली. दोषी.

निकालानंतर मोर यांनी न्यायाधीशांना शाप दिला नाही. संत स्तेफनच्या मृत्यूला पौलाची संमती होती आणि आज ते दोघेही स्वर्गात मित्र आहेत, तसेच आपणही सर्व जण तिथे आनंदाने भेटू, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. ६ जुलै १५३५ रोजी टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांचे मस्तक लंडनच्या पुलावर टांगले गेले. पुढे लेक मार्गारेटने ते मिळवले व जपून ठेवले.

एक वर्षही पुरते उलटले नाही. मे १५३६ मध्ये ॲन बोलीन आणि तिचा भाऊ यांच्यावरच खटला भरला गेला. त्या न्यायालयाचे अध्यक्ष होते त्यांचे मामा, नॉरफोकचे ड्यूक. भाचा-भाची दोघांनाही देहान्ताची शिक्षा झाली. क्रॉमवेल यांचा शिरच्छेद १५४० मध्ये झाला. रिच मात्र १५४७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाले. मोर यांना १८८६ साली धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १९ मे १९३५ रोजी पोप पायस अकरावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

नियम कशासाठी?

एकाच जीवनात आपल्याला दोन न्यायासने दिसली. एकावर मोर होते. तिथे नियम नव्हता तरी माणूस सच्चा होता, म्हणून निभावले. दुसऱ्यावर बोलीन मंडळी होती. तिथे माणूस तसा नव्हता आणि त्यांना उठवू शकेल असा नियमही चालला नाही. मोर प्रत्येक पिढीत जन्मत नाहीत. म्हणून नियम लागतात.

इंग्लंडच्या कायद्यालाही हे हळूहळू पटले. १८५२ साली गंमत अशी झाली की मोर यांच्याच पदावर बसलेले लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने हुकूम दिला होता आणि त्या कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. ते शेअरमुळे वाकले असतील असे कोणालाही वाटत नव्हते. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने तो हुकूम रद्द केला. आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशालाही लागू झाले.

आपल्या देशातही असेच घडले. वन सेवेसाठी अधिकारी निवडायच्या एका मंडळावर जम्मू-काश्मीरमधील एक अधिकारी सभासद होते आणि उमेदवारही होते. स्वतःचे नाव चर्चेला आले तेव्हा ते बाहेर गेले, पण आपल्या स्पर्धकांची नावे आली तेव्हा आत बसले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झाला का हे सिद्ध करणे कठीण असते, तो होण्याची रास्त शक्यता पुरेशी आहे, असा या निकालाचा अर्थ. आज कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८४ प्रमाणे संचालकाला आपला हितसंबंध मंडळापुढे उघड करावा लागतो.

आपल्या ख्रिस्तसभेची कायदेसंहिता, म्हणजे १९८३ चा कॅनन लॉ, याबाबत अगदी स्पष्ट आहे. रक्ताच्या किंवा लग्नाच्या जवळच्या नात्यातील, घनिष्ठ मैत्रीतील, तीव्र वैर असलेल्या किंवा आपला नफा-तोटा गुंतलेल्या माणसाचा खटला चर्चच्या न्यायाधीशाने ऐकू नये, असे कलम १४४८ सांगते. कलम १४५६ प्रमाणे खटल्याच्या निमित्ताने कोणतीही भेट घ्यायला मनाई आहे, हातमोजेसुद्धा नाहीत! बिशपांच्या अर्थसमितीवर त्यांचे चौथ्या अंशापर्यंतचे नातेवाईक, म्हणजे सख्ख्या चुलत, मामे, आते व मावस भावंडांपर्यंतचे आप्त बसू शकत नाहीत, हे कलम ४९२ मध्ये आहे. चर्चची मालमत्ता ती सांभाळणाऱ्यांनाच किंवा त्यांच्या अशा नातेवाइकांना विकायची वा भाड्याने द्यायची असेल, तर व्यवहार अगदी किरकोळ असल्याखेरीज वरिष्ठांची खास लेखी परवानगी लागते, हे कलम १२९८ मध्ये आहे.

आपल्या अंगणात

गावात सगळेच एकमेकांचे पाहुणे. पतपेढीत कर्जाचा अर्ज आला तर तो मेहुण्याचा निघतो. चर्चच्या दुरुस्तीचे काम द्यायचे तर कंत्राटदार पुतण्या असतो. शाळेच्या प्रवेशाच्या यादीत शेजाऱ्याचे लेकरू असते. अशा वेळी समितीतला माणूस बैठकीतून उठून बाहेर गेला, तर लोक कुजबुजतात की याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणार. खरे तर उलट आहे. बाहेर जाणारा माणूस आपल्या मेहुण्यावर उपकारच करतो. कर्ज मंजूर झाले तर ते मेहुण्याच्या लायकीवर झाले, असे सर्वांना म्हणता येते. आणि अर्ज नामंजूर झालेल्या माणसाला निदान एवढे समाधान राहते की आपल्या पाठीमागे घरातल्या घरात काही शिजले नाही.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. आपले नाते किंवा फायदा आधी स्वतःहून सांगावा. त्या विषयावर चर्चा व मतदान होत असताना बाहेर बसावे, स्पर्धकांची नावे निघतात तेव्हाही. आणि तसे झाल्याची इतिवृत्तात नोंद करावी. कोणी आपल्याला बाहेर बसायला सांगितले तर रागावू नये. तो आपल्या प्रामाणिकपणावर बोट ठेवत नसतो, सर्वांचा विश्वास राखत असतो.

संत थॉमस मोर यांच्या सणाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक समितीने आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. आणि आपण सर्वांनी निर्णय घेणाऱ्या आपल्या बंधुभगिनींसाठी प्रार्थना करू या. हे प्रभो, खुर्चीवर बसण्याची वेळ आली तर आम्हाला सरळ मन दे, आणि त्या खुर्चीवरून उठण्याची वेळ आली तर उठण्याचे धैर्य दे. संत थॉमस मोर, आम्हासाठी विनंती करा.